गाढ झोपेचं कलम

आधी तळहात. डब्यावर तळहात टेकवल्याशिवाय ते बोलायला सुरुवातच करत नसत. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा सबंध तळवा टेकवायचा, मान थोडी कलती करायची आणि आतून कुणी काही सांगत असल्यासारखं ऐकत बसायचं. मग निकाल द्यायचा, "ताप हाय अजून."

डबा म्हणजे शिवणकामाच्या डब्याएवढा, पत्र्याचा करडा कम्प्युटर. धूळ जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद, पंखा नाही, जाळी नाही. त्याला एक कॅमेरा जोडायचा, आणि तो कॅमेरा माणसाच्या बुबुळातून आत शिरून पार मागच्या पडद्याचा फोटो काढायचा. साखरेच्या आजारात तो पडदा आतून कुरतडला जातो आणि माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या जालन्यातली एक डोळ्यांची डॉक्टरीण हे डबे जीपमध्ये घालून गावोगाव शिबिरं घ्यायची. डबे बिघडले की जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत यायचे, ह्या गृहस्थांकडे. आणि ह्या गृहस्थांचा एक डोळा त्याच साखरेनं गेलेला होता, दुसरा चालला होता.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांनीही मला आधीच सांगून टाकलं होतं. "उजवा पुण्यातच गेल्ता, ताई. डावा हाय अजून. तो हाय तवर हे काम संपवायचं. बस."

एवढंच त्यांचं गणित होतं. पुढचं सगळं त्यातच आलं.

आता तुम्ही म्हणाल, ह्या आजीबाईंचा कम्प्युटरच्या पोटातल्या भानगडींशी संबंध काय? अहो, माझी सगळी नोकरी इथल्या एका बियाणे कंपनीच्या कम्प्युटरच्या खोलीत गेली. तरुणपणीची मी म्हणजे एक नमुनाच होते. खोलीच्या दाराला 'चपला बाहेर' ही पाटी मी स्वतः रंगवलेली. साहेब चुकून बूट घालून आत आले, तर त्यांच्या पायांकडे अशी बघायची की त्यांनी देव्हाऱ्यात पाय ठेवलाय. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार. आणि रोज संध्याकाळी मॉनिटरचं बटण बंद करून, "दमला बिचारा" असं म्हणून, यंत्राला विश्रांती दिल्याच्या समाधानात ही बया घरी जायची. खाली खरा कम्प्युटर रात्रभर घुर्र करत जागा असायचा. पण तिला कोण सांगणार? ती तर 'कम्प्युटरवाल्या मॅडम' होती.

ती बया माझ्या अंगात पुरती मुरली होती. त्यामुळे निवृत्तीनंतर नातवाचा जुना लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या दारात पहिल्यांदा गेले, ती भाषण द्यायच्या तयारीनंच. त्यांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला, ऐकलं, आणि म्हणाले, "ताप हाय. ह्याला झोप येत न्हाई."

मी म्हणाले, "प्रोसेसर कधी झोपत नसतो, भाई. मी आयुष्यभर कम्प्युटरवर काम केलंय."

"झोपत न्हाई? मंग करतो काय?"

"काम करतो."

"आत्ता तुमी त्याला काय काम सांगितलं?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. लॅपटॉप नुसता चालू होता.

"बघा," ते अतिशय अदबीनं म्हणाले, "काम न्हाई, अन् झोप बी न्हाई. आदमी बी असाच बिमार पडतो."

आतून भाभींचं हसू ऐकू आलं. त्यांच्या बायकोला मी पहिल्या दिवसापासून भाभी म्हणते. त्या चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बैठो आपा. अब ये छोड़ते नै तुम्हें."

खरंच सोडलं नाही. नंतर मीच सोडलं नाही, असं म्हणा.

ते मूळचे जालन्याचेच. वडिलांची मोसंबीची बाग अंबडकडे होती, घर जुन्या जालन्यात. शिकून पुण्याला गेले आणि आयुष्यभर एकच काम केलं. कम्प्युटरच्या पोटात एक मूळ प्रणाली असते, तिला कर्नेल म्हणतात. कुणाला किती काम द्यायचं, कुणाला कधी झोपवायचं, कधी उठवायचं, सगळं तीच ठरवते. हे त्या कर्नेलचे मिस्त्री होते. उजवा डोळा गेला तशी नोकरीही गेली, आणि नवराबायको वडिलांच्या घरी परत आले.

डॉक्टरीणबाईंच्या डब्याचं दुखणं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. कॅमेरा बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. तिनं दिलेला कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम फक्त एका जुन्या कर्नेलवर चालतो, नव्यावर उभाच राहत नाही. तोवर जुने प्रोसेसर बाजारातून गेले. डब्यात नवीन बसवले, तर जुन्या कर्नेलला नव्या प्रोसेसरला नीट झोपवताच येईना. नव्याला झोपेच्या तीन तऱ्हा येत होत्या, साधी डुलकी, बरी झोप आणि गाढ झोप. जुन्या कर्नेलला डुलकीच तेवढी माहीत. मग प्रोसेसर दिवसभर ताटकळत जागा. डबा तापायचा, बॅटरी उतरायची, आणि चार म्हातारी माणसं तपासून होत नाहीत तोच कॅमेरा डोळा मिटायचा.

"मोठी बॅटरी लावा की," मी सुचवलं. कम्प्युटरवाल्या मॅडम!

"बुखारवाल्याला जादा जेवण दिल्यानं बुखार उतरतो का, ताई?"

उपाय एकच होता. नव्या कर्नेलमध्ये लोकांनी गाढ झोपेची जी कलमं लिहून ठेवली होती, ती एकेक करून काढायची आणि जुन्या कर्नेलला बांधायची. कलम हा शब्द त्यांचाच. "अब्बा जंबेरीच्या खुंटावर मोसंबी बांधायचे. खुंट गावठी, फळ मोसंबीचं. म्या तेच करून राह्यलो." फरक इतकाच, की मोसंबीची एक काडी आणली तर एकच काडी येते. इथं एक तुकडा उचलला की तो म्हणतो, माझ्या आधीचा तो दुसरा हवा. दुसरा म्हणतो, मला माझा मामेभाऊ हवा. एक पाहुणा बोलवावा आणि दारात सगळं वऱ्हाड उभं राहावं!

प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो मुळात लिहिणाऱ्याचं नाव असायचं. कुणी जर्मनीचा, कुणी जपानचा, कुणी बंगळुरूचा. ते नाव ते तसंच ठेवायचे. स्वतःचं नाव सगळ्यात खाली, एका ओळीत.

मला ते सहन व्हायचं नाही. "अहो, महिनाभर डोकं फोडलं तुम्ही, आणि नाव त्या जपान्याचं?"

"लिवलं त्यानं. म्या आणून लावलं. जे केलं तेवढंच सांगायचं." मग म्हणाले, "हे असं लिवायचा रिवाज हाय. पुढं कुणी वाचलं तर त्याला कळावं कुठून आलं ते."

"कोण वाचणार आहे पुढं?"

त्यांनी खांदे उडवले. खरं उत्तर दोघांनाही माहीत होतं. ते जुनं कर्नेल आता जगात कुणीच सांभाळत नव्हतं. केलेलं काम कुणाला पाठवायचं तर पत्ताच नव्हता. ज्या घरात माणूस राहत नाही, त्या घराची खिडकी ते घासून पुसून बसवत होते.

"तुमी वाचून राह्यल्यात की," ते शेवटी म्हणाले.

हो, वाचायला मीच होते. डावा डोळा पडद्यावरची अक्षरं धरेना तशी माझी भरती झाली. वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांनी करून पाहिला होता. पण त्यातली ती बाई म्हणे फार घाईत वाचते, आणि चुकलं तर तिला काही वाटत नाही. मला निदान वाटायचं.

तुम्ही आमच्या गल्लीतून त्या दिवसांत दुपारी गेला असतात, तर हे ऐकलं असतं. आत मी मोठ्यानं वाचते आहे, "इफ, कंस सुरू, उद्गारचिन्ह, कुठलंसं लांब नाव, बाण, स्टेट, कंस बंद."

"कुठलंसं न्हाई ताई. नाव सांगा."

"लई लांब आहे हो."

"असू द्या. माझ्या फुफीचं याहून लांब होतं."

मी नाव वाचायची. ते डोळे मिटून, बोटांनी मांडीवर ओळी मोजत ऐकायचे. "अर्धविराम हाय का तिथं?" असायचा. मी खाल्लेला असायचा. "ताई, तो खाल्ला तर सगळं उपाशी राहतं." धान्याच्या दुकानातले हमाल पोती उतरवताना थांबून ऐकायचे. एकानं भाभींना विचारलं, ही बाई रोज कसली पोथी वाचते? भाभी म्हणाल्या, "डब्बे को सुलाने की."

भाभींची जीभ तिखट होती आणि तीच त्या घराला धरून होती. एकदा ते एका तुकड्यावर अडले. मी वाचता वाचता थकले, पण त्यांनी नुसतं ऐकून, कुठल्या फाईलमध्ये कुठल्या ओळीनंतर काय बदललं असेल ते सांगितलं. मी कौतुक केलं. भाभी कपबशा उचलत म्हणाल्या, "मेरा मुँह नै दिखता इनकू. डब्बे का दिमाग बराबर दिखता."

ते भाभींच्या आवाजाच्या दिशेनं वळले आणि म्हणाले, "तेरा मुँह याद है." त्यावर भाभी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

डोळ्यावर इलाज चालू होता. संभाजीनगरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, काही दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा आत रक्त उतरायचं. "पाण्यात शाई सांडल्यावाणी," ते सांगायचे. "आधी धागे, मंग ढग." प्रत्येक इंजेक्शनचा गुण आधीच्यापेक्षा कमी. मी त्यांना कामाची घाई करायची आणि ते मला म्हणायचे, "जल्दी नको, बराबर वाचा." ज्याच्याकडे वेळ नव्हता तो धीर धरायचा, आणि वेळच वेळ असलेली मी तडफडायची.

शेवटी कलम लागलं. डबा चालू केला, दुपारभर चालवला. तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"बघा तुमी."

मी हात लावला. पत्रा गार होता. रांजणाला लागावा तसा गार.

त्या दिवशी भाभींनी शिरखुर्मा केला. ईद नव्हती, काही नव्हतं. भाईंच्या वाटीत साखर नव्हती, तरी त्यांनी ती चाटून पुसून संपवली.

पुढचं शिबिर वाटूरला, शाळेत होतं. ते म्हणाले मला यायचंय, म्हणून मीही जीपमध्ये बसले. डॉक्टरीणबाई फटकळ पण मनानं सोन्यासारख्या. "भाई, आज तुमच्या डब्याची परीक्षा," त्या म्हणाल्या. ते नवरदेवासारखे लाजले.

डोळ्यांची तपासणी कशी होते ते तुम्हाला माहीत असेल. आधी डोळ्यात थेंब घालतात, मग बुबुळ मोठं व्हायला वाट बघायची. व्हरांड्यात रांगेनं माणसं बसवली, थेंब घातले. डबा टेबलावर तयार. कुणी त्याला हात लावत नव्हतं, लावायचं कारणच नव्हतं. अर्ध्या तासानं पहिली बाई खुर्चीवर बसली, डॉक्टरीणबाईंनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, त्याचा आकडा मघापासून हललाच नव्हता. बंद करून चालू केलं. चालू झाला, एक फोटो निघाला. पुढच्या माणसाला टेबलापर्यंत आणून बसवेपर्यंत पुन्हा मेला. असं दुपारपर्यंत चाललं. डबा गार होता, बॅटरी भरलेली होती, आणि तो मेलेला होता.

त्या दिवशीची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. थेंब घातलेल्या माणसांना उजेड सोसत नाही. तपासणी न होताच ती घरी निघाली. वाटूरच्या त्या पांढऱ्या उन्हात, उपरणी आणि पदर डोळ्यांवर ओढून, एकमेकांच्या खांद्याला धरून म्हातारी माणसं ओळीनं फाट्याकडे चालली होती. ह्यांना ते दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. एक आजोबा म्हणत होते, "आरं, काईच दिसंना. आता मंग पुन्यांदा यावं लागंन का?" आणि त्यांची बायको म्हणत होती, "कशाला येता? त्यांच्याच मशीनला दिसंना."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. उतरताना फक्त म्हणाल्या, "भाई, एकदा अजून. त्यानंतर मला हे डबे नकोत."

त्याच आठवड्यात डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, ते मागे सरलंच नाही. उजेड आणि अंधार, एवढंच उरलं. त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं ना, डावा आहे तोवर काम संपवायचं. तो संपला. काम राहिलं होतं.

मला वाटलं आता ते उठणार नाहीत. मी गेले तर ते नेहमीच्या जागी बसलेले, समोर डबा.

"घरी कधीच मेला न्हाई," ते म्हणाले. "हप्ताभर चालवला आपण. तिथं अर्ध्या तासात मेला. फरक काय?"

"तिथं धूळ आहे. ऊन आहे."

"न्हाई. फरक तुमी हाय, ताई."

"मी? मी काय केलं?"

"तुमचा हात कुठंय आत्ता?"

हात माऊसवर होता. वाचायचं असो नसो, माझा हात माऊसवरच असतो, वर खाली, वर खाली, चाळा. तरुणपणीही साहेब ओरडायचे, ती बया टेबलाशी बसली की तिची बोटं घोड्यासारखी टापा टाकायची.

"काढा तो. मांडीवर ठेवा. अन् आता कुणी कायलाच हात लावू नका."

आम्ही बसलो. ते, मी, दारात भाभी. दुपार होती, बाहेर कुणीतरी पोतं ओढत होतं. पडद्यावरचं घड्याळ सेकंद मोजत होतं आणि मी ते मोठ्यानं सांगत होते. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.

"बेचाळीस," मी पुन्हा म्हणाले. आणि मग गप्प झाले, कारण पुढचा आकडा येईना.

"थांबला?"

"थांबला."

"माऊस हलवा."

हलवला. घड्याळ दचकून पुढे पळालं. डबा जागा झाला, जसं काही झालंच नव्हतं.

ते हसले. पहिल्यांदा मी त्यांना एवढं मोकळं हसताना पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आपण त्याला एकटं सोडलंच न्हाई, ताई. लेकरू झोपतं का हे बघायचं, तर खोलीतून बाहेर जावं लागतं. आपण दोघं उशाशी बसून गप्पा हाणून राह्यलो."

चूक अशी होती. प्रोसेसर गाढ झोपला की त्याचं स्वतःचं घड्याळही झोपतं. मग त्याला उठवणार कोण? म्हणून झोपायच्या आधी त्यानं आपला गजर दुसऱ्या एका जागणाऱ्या घड्याळाच्या हवाली करायचा असतो. हे मला त्यांनी रमजानच्या दाखल्यानं सांगितलं. "सगळा मोहल्ला झोपू दे. पण पहाटे सहरीच्या जेवणाला उठवणारा एक तरी फकीर जागा पायजे." जुन्या कर्नेलमध्ये तशी सोय आहे, असं ते धरून चालले होते. सोय होती, पण डुलकीपुरती. गाढ झोपेत ती पोचत नव्हती. माऊसच्या धक्क्यानं झोप मोडायची, पण शिबिरात माऊस नसायचा, आणि कॅमेऱ्याच्या बटणानं ती मोडत नव्हती. ती फाईल त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलीच नव्हती. पुण्याला असताना हजारदा पाहिलेली, तोंडपाठ. डोळे असते तर सहज एक नजर टाकली असती. डोळे नव्हते म्हणून आठवणीवर विसंबले, आणि त्याच एका ठिकाणी आठवण अपुरी होती.

गजर सोपवायचं ते कलम आणायला पुन्हा वऱ्हाड आलं. मी वाचायची, ते सांगायचे, मी टाईप करायची. आता त्यांना सगळं पडद्याशिवाय डोक्यात उभं करावं लागे, आणि मधेच ते ढासळे. "कुठं होतो मी?" असं विचारायचे. मी सांगायची. पुन्हा विचारायचे. एकदा त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि लगेच चाचपून डब्याला लागलं तर नाही ना, ते बघितलं.

मी त्या दिवसांत घरी येऊन नातवाशी फोनवरही भांडायची. त्याला म्हणायची, "तुमच्या पुण्यात एवढे इंजिनियर पडलेत, एकाला तरी पाठव." तो म्हणायचा, "आजी, एवढं जुनं कर्नेल कुणी हातात घेत नाही गं." बरोबरच होतं त्याचं.

लागलं. शेवटी लागलं. ह्या वेळी आम्ही डबा चालू केला, दाराला कडी घातली आणि तिघंही मोंढ्याच्या बाजाराकडे फिरायला गेलो. ह्यांचा एक हात भाभींच्या खांद्यावर, एक माझ्या. कुठं खड्डा आहे ते भाभी सांगायच्या, कुठं बैल आहे ते मी. चांगले दोन तास हिंडलो, भजी खाल्ली. परत आलो तर घड्याळ चालू होतं.

पुढच्या शिबिरात डबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. शेवटचा माणूस झाला तरी बॅटरी उरली होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून ह्यांना खुर्चीवर बसवलं. "या भाई, तुमचाही फोटो काढू." हनुवटी टेकवायला लावली, बटण दाबलं. पडद्यावर त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा आला. तशी चित्रं मी दिवसभरात खूप पाहिली होती, नारिंगी, वर बारीक लाल नसा. हे तसं नव्हतं. वाळलेल्या तळ्याचा तळ असतो तसं काहीतरी होतं.

डॉक्टरीणबाईंनी चित्र एकदा मोठं करून पाहिलं.

भाईंनी विचारलं, "फोटो साफ आला का?"

"एकदम साफ, भाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बराबर," ते म्हणाले, आणि हनुवटी उचलली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. कुणीतरी डॉक्टरीणबाईंच्या संस्थेला नवे कॅमेरे दान दिले, मोबाईलला लावायचे, खिशात मावणारे. डबे नाहीत, बॅटरीचं झेंगट नाही, जुनं कर्नेल नाही. सगळ्यांचा फायदाच झाला त्यात. डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेऊन दाखवलं. करडे डबे एकावर एक रचून कपाटात ठेवले होते, वर चादर. "त्यांना तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "मला जमणार नाही."

मला कुठं जमणार होतं? मी म्हातारी झाले, पण खोटं बोलायचं विसरले नाही. ते विचारायचे, "ह्या हप्त्यात डब्बे कुठं गेल्ते?" मी जिल्ह्यातली गावं काढून द्यायची. घनसावंगी. मंठा. परतूर.

"परतूरला लाईट लई जाती. टिकला?"

"संध्याकाळपर्यंत टिकला."

"गरम?"

"गार."

"बराबर." कधीकधी मला वाटायचं, त्यांना माहीत आहे. कारण कुठल्या गावात काय बिघडलं, ते त्यांनी कधीच विचारलं नाही. आणि ज्याला काम कळतं, त्याला हेही कळतं की कधीच न बिघडणारं यंत्र फक्त कपाटात असतं.

त्यांची मुलगी हैदराबादला असते. ती न्यायला आली. इथं आता करण्यासारखं काही नव्हतं, आणि भाभींचे गुडघेही गेले होते. घर भाड्यानं दिलं. सामान आधीच गेलं, आणि एका सकाळी दोघांना स्टेशनला न्यायला ऑटो दाराशी उभा राहिला.

भाभींनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "आपा, पढ़ना छोड़ना नक्को." मुलीनं वडिलांना धरून ऑटोत बसवलं. सगळ्या गल्लीचा गलका चालला होता, मागून एक ट्रक हॉर्न वाजवत होता. मी ऑटोच्या डाव्या बाजूला, दुकानाच्या पायरीशी उभी होते. त्या गलक्यात त्यांना माझी जागा कळली नसावी. ते उजवीकडे वळले, जिथं कुणीच नव्हतं, फक्त विजेचा खांब होता आणि त्याला टेकलेली एक सायकल.

त्या खांबाकडे बघून त्यांनी हात कपाळाला लावला. "ताई, चलतो मंग," ते म्हणाले. "लई तकलीफ दिली तुमाला."

मुलीनं तोंड उघडलं. मी तिला मानेनंच नको म्हटलं. साडी गोळा करून, ऑटोच्या मागून वळसा घेऊन, जमेल तेवढ्या झपाझप मी पलीकडे गेले, आणि त्या खांबापाशी, ते बघत होते बरोबर तिथं, जाऊन उभी राहिले.